शिंक मागे घेता येत नाही

ज्या कुणी हा शब्द दोन भाषांमध्ये ठेवला आणि दोन्हीकडे दोन वेगळे अर्थ सांगून निघून गेला, त्या माणसाला आधी पकडलं पाहिजे. माझी चूक नंतर. आधी तो. एवढी मोठी फसवणूक केली आणि आजवर कुणी त्याला जाब विचारलेला नाही — नाही काका, तुम्ही उठू नका, बसा. दार वाजवून उपयोग नाही, मी वाजवलंय. ते आत आहेत, जागे आहेत, पंखा चालू आहे, खुर्ची करकरतेय — ऐकू येतंय ना? — पण बाहेर येणार नाहीत. तुमच्यामुळे नाही हो, माझ्यामुळे. तुम्ही वरचा फ्लॅट बघायला आलायत ना? मघाशी फोनवर म्हणालात, "अगं, घरमालक दारच उघडत नाहीयेत," तेव्हाच कळलं. कोलकात्यात, या बेहालाच्या गल्लीत मराठी ऐकलं आणि इतकं बरं वाटलं की मी सरळ बोलायलाच लागले, ओळख राहूनच गेली. मी चैत्राली. बाबा केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात आहेत, दोन वर्षांपूर्वी इथे बदली झाली, आम्ही पलीकडे मेट्रोच्या खांबांपाशी राहतो. तुम्ही बँकेत? एस्प्लनेडच्या शाखेत? वाटलंच. बदलीवर आलेल्या माणसाच्या हातात पहिले काही महिने छत्री असतेच, पाऊस असो नसो.

घरमालक म्हणजे अमियजेठू. जेठू म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पण इथे वयाने मोठ्या कुणालाही म्हणतात. मीही म्हणते. म्हणायचे. आत्ता चहा ठेवून गेल्या त्या जेठिमा, त्यांच्या मिसेस. त्यांना मराठी कळत नाही, तेव्हा आपण मोकळेपणाने बोलू शकतो. संदेश घ्या ना, ही मिठाई. मी नाही घेत, मी भांडायला आलेय. म्हणजे भांडायला नाही, समजूत काढायला. म्हणजे एक घेतलाय.

तर जेठूंना अभिमान झालाय. — बघा, तुमचा चेहरा कसा झाला. मग काय, चांगलंच की, असंच वाटलं ना? मलाही हेच वाटलं. फक्त तुम्ही चेहरा करून थांबलात, मी पोस्टर केलं. ते पुढे येईल, क्रमाने सांगते. मला क्रमाने सांगता येत नाही असं आई म्हणते, पण आई स्वतः कुठलीही गोष्ट सुरू करताना आधी कोण कोण वारलं ते सांगते, तेव्हा तिचं राहू द्या.

आणि मी काही अगदी अडाणी नाहीये बंगालीत. सापळे माहीत आहेत मला. पहिल्याच आठवड्यात बेकरीवाला म्हणाला, "पाव शेष," मी म्हटलं वा, शिल्लक आहे, आणि बराच वेळ हसऱ्या तोंडाने काउंटरपाशी उभी राहिले. शेष म्हणजे इथे संपलं. मग कॉलेजात एकीने माझ्या डब्यातली भाजी खाल्ली आणि म्हणाली, "दारुण." मी घरी येऊन रडले, काका. दारुण म्हणजे इथे फार छान. हे सगळं मी शिकले, पचवलं, त्यावर विनोदसुद्धा करायला लागले. पण अभिमान? अभिमानाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. दोन वर्षं. एवढं मोठं शहर.

असो. आम्ही एक संग्रह काढतोय. कॉम्प्युटरवर केलेल्या संगीताचा. नाही, एआय नाही. प्रत्येक माणूस हेच विचारतो. मशिनला "छान उदास धून दे" असं सांगून हात पुसत बसायचं, ते नाही. हे हाताने केलेलं आहे, फक्त हात माउसवर आहे. एक एक आवाज कापायचा, जोडायचा, सरकवायचा, रात्र गेली की कळतं जमलंच नाही, मग पुसून परत. आणि करणारे सगळे हौशी, कुणी शिकलेलं नाही, कुणाकडे स्टुडिओ नाही. सॉल्ट लेकची एक मुलगी आहे, दातांची डॉक्टर होतेय. अर्णव आहे — आपलाच, मराठी, पण जन्म इथला, तीन पिढ्या झाल्या — तो दिवसा वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात बसतो. अशी माणसं. त्यांचं कोण ऐकणार? मोठ्या लोकांचं सगळे ऐकतात. मी म्हटलं आपण एकत्र येऊ, सगळ्यांचं एकत्र करू, आणि त्यात कुणी लहान-मोठं नसेल. त्यासाठी मी नियम केला. माझाच नियम, आणि चांगला आहे, अजूनही म्हणते. सगळ्यांनी एकाच आवाजापासून सुरुवात करायची. एकच छोटासा आवाज, तोच सगळ्यांना. तो ताणा, उलटा करा, त्याचा तबला करा, त्याची सतार करा, पण बाहेरून दुसरं काही आणायचं नाही. म्हणजे ज्याच्याकडे महागडी यंत्रं आहेत तो आणि ज्याच्याकडे बाबांचा जुना लॅपटॉप आहे तो, दोघं एकाच रेषेवर. कळलं ना? बाबांना सांगितलं तर म्हणाले, "पण मग सगळं सारखंच नाही का ऐकू येणार?" काही लोकांना समानता समजत नाही.

आता आवाज कुठला, हा प्रश्न. कुणी म्हणे ट्रामची घंटा, कुणी म्हणे शंख. ते सगळं पर्यटकांचं झालं. त्यात ग्रुपवर एक नवा माणूस आला, अमिय बी. मला वाटलं असेल कुणी जादवपूर विद्यापीठातला, दाढी, कापडी पिशवी. त्याने पाठवलेला तुकडा ऐकला आणि मी उडालेच, नुसत्या जुन्या टेलिफोनच्या आवाजांतून केलेला, एंगेज टोनचा ठेका आणि वर डायल टोन असा लांब ओढलेला, की आपण कुणाला तरी फोन करायचा राहून गेलाय असं वाटत राहतं. लगेच पत्ता मागितला आणि इथे आले. दार उघडलं तर लुंगी, बनियन, पांढरे केस. मी विचारलं, "तुमचा मुलगा आहे का घरी?" ते म्हणाले, मुलगा नाही, दोन मुली आहेत, दोघी बंगळुरूला. मी म्हटलं, मग अमिय? ते म्हणाले, "आमि." म्हणजे मी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस हो. मला इतकी लाज वाटली की मी चहासुद्धा नको म्हटलं आणि निघाले. इथेच, या बाकाशी चपला घालत होते. आणि ते शिंकले.

काका, ती शिंक नव्हती, ती घटना होती. आधी श्वास आत — लांब, वर वर जाणारा, जिना चढल्यासारखा. मग थांबणं, इतकं की आपण विसरून जावं. आणि मग त्या ग्रिलवरचा कावळा उडाला. टेबलफॅनची जाळी बराच वेळ गुणगुणत होती. आणि त्याच्या पाठोपाठ स्वयंपाकघरातून जेठिमांचा आवाज, "आस्ते." एवढंच. आस्ते म्हणजे हळू. लग्न झाल्यापासून सांगतायत, ते लग्न झाल्यापासून तसेच शिंकतायत. मग त्या बाहेर आल्या, माझ्या पायात एक चप्पल बघितली आणि म्हणाल्या, "एखोन बेरोते नेई, मा. बोशो." म्हणजे आता बाहेर पडायचं नसतं, पोरी, बस; इथे मुलींना मायेने मा म्हणतात. निघताना शिंक आली की जरा टेकायचं — आपल्याकडेही आहेच की, आई अजून मला दारातून परत बोलावते. मी फिजिक्स केलंय, मी हे मानत नाही. पण बसले. कारण जेठिमा पाटावर बसल्यासारख्या समोर बसल्या होत्या, हलायला वाव नव्हता. आणि त्या बसण्यात जेठूंनी मला त्यांचा कॉम्प्युटर दाखवला. त्याला जेठिमांनी शिवलेलं कव्हर आहे, फुलाफुलांचं, झालर लावलेलं. त्यांनी कव्हर काढलं, घडी घातली, बाजूला ठेवलं, मगच चालू केलं. मी त्या दिवशी अंधार पडेपर्यंत बसले होते.

तर तो आवाज म्हणजे जेठूंची शिंक. ठरलं. पण शिंक काही मागून येत नाही. फोन टेबलावर ठेवून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसायचो. ते म्हणायचे, तू बघतेस म्हणून येत नाही. मी पाठ करून बसायचे. शेवटी जेठिमा मोहरी वाटत होत्या, माशासाठी, तेव्हा आली. अप्रतिम आली. श्वास, थांबणं, स्फोट, जाळीची गुणगुण आणि "आस्ते". सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर उतरलं. मी घरी आणलं, साफ केलं, सगळ्यांना वाटलं. संग्रहाचं नावही ठरलं, 'सर्दी'. निदान हा शब्द तरी दोन्हीकडे सारखाच आहे, मी शब्दकोशात बघून घेतलं.

साफ केलं म्हणजे — साफच करतात हो. मागचा पुढचा कचरा काढतात. पंख्याचा आवाज कमी केला. आणि ते "आस्ते" कापलं. कारण नियम एका आवाजाचा होता आणि "आस्ते" हा शिंकेचा भाग नाही. असं काय बघताय? आहे का? शास्त्राने बघितलं तर नाहीये.

मग काय एकेक तुकडे आले, काका, तुम्हाला सांगते. त्या दातांच्या मुलीने ती शिंक इतकी ताणली की समुद्राच्या तळाशी कुणीतरी कण्हतंय असं वाटावं. अर्णवने त्याचा ढाक केला, पूजेत वाजतो तो मोठा ढोल, आणि शपथेवर सांगते, पाय हलतात. माझा? माझा आहे ना. 'प्रारंभ' नावाचा. सगळ्यात पहिला. जरा लांब आहे, बाकीच्यांना मी तीन मिनिटं दिली होती, माझा आठ-साडेआठ असेल. कारण तो प्रस्तावना आहे. प्रस्तावनेत सगळं समजावून सांगावं लागतं.

आणि मग जेठूंचा आला. तो माझ्याहूनही लांब. आणि त्यांनी माझी साफ केलेली शिंक घेतलीच नव्हती, आपली मूळची घेतली होती, पंख्यासकट, जेठिमांसकट. नियम मोडला ना? मग मी कापला. तीन मिनिटांना थांबवला. समान म्हणजे समान, वय बघून सूट द्यायला लागलो तर उद्या कुणीही — आणि तसंही पहिली तीन मिनिटं नुसतं "आस्ते, आस्ते" चाललंय, कधी लांबून, कधी जवळून, कधी भांड्याच्या आवाजात मिसळून, शिंकेचा पत्ताच नाही. ती पार शेवटी येते. आणि काका, शेवटी ते हळू शिंकतात. काय केलंय त्यांनी कोण जाणे, तीच शिंक, तोच जिना चढणारा श्वास, तेच थांबणं, आणि मग इतकी हळू येते की पान उलटल्यासारखी. म्हणजे एकदाचं ऐकलं त्यांनी जेठिमांचं. नाही, तेव्हा नव्हतं ऐकलं मी. परवा ऐकलं. कापताना शेवटपर्यंत कोण ऐकतं? वेळ नव्हता हो. सगळी कामं मीच करत होते.

हं. हो. म्हणजे मी शेवट न ऐकता शेवट कापला. असं एका वाक्यात म्हटलं की कुठलीही गोष्ट वाईटच वाटणार.

मी कापलेला तुकडा ग्रुपवर टाकला. थोड्या वेळाने जेठूंचं उत्तर आलं, इंग्रजी अक्षरांत बंगाली लिहितात ते — "आमार खूब ओभिमान होयेछे." मला खूप अभिमान झालाय. आता तुम्ही सांगा, मराठी माणसाने काय समजायचं? मला इतका आनंद झाला. वाटलं, बघा, मोठं मन म्हणजे हे, तुकडा कापला तरी माणसाला संग्रहाचा अभिमान आहे. मी टाळ्या पाठवल्या. फुलं पाठवली. लिहिलं, "मलाही, जेठू, आणि असाच वाढत राहो." ते वाक्य ग्रुपच्या वर टाचून ठेवलं. आणि मग पोस्टर केलं. जेठूंचा लुंगीतला फोटो, हात कानावर हेडफोनला, वर मोठ्या अक्षरांत 'सर्दी', आणि खाली अवतरणात, बंगालीत, नीट कुणाकडून तरी अक्षरं तपासून घेऊन — आमार खूब ओभिमान होयेछे. अख्ख्या कोलकात्यात फिरलं ते. लोक खाली लिहितायत, दारुण, दारुण. मला वाटलं झालंच, आता आपण पोचलोच. कुणी एकाने तरी टोकायचं ना? अक्षरं तपासणाऱ्यालाही वाटलं म्हणे, की हा काहीतरी आधुनिक प्रकार असेल.

मग जेठूंचा दुसरा निरोप आला. "आमार हाँची फेरोत दाओ." हाँची म्हणजे शिंक. माझी शिंक परत दे.

मी अर्णवकडे धावले, एस्प्लनेडला, त्यांच्या दुकानात. तो गिऱ्हाईकाच्या नाकावर चष्मा ठेवत होता, माझं ऐकून इतका हसला की चष्मा कपाळावर गेला. त्याचं मराठी असं आहे की कर्ता एकीकडे आणि क्रियापद दुसरीकडे. म्हणाला, "तू म्हाताऱ्याला अभिमान केली आणि वर टाळी दिली?" मी म्हटलं, अभिमान म्हणजे काय ते आधी सांग. त्याला सांगता येईना. राग? म्हणाला, नाही, राग कुणावरही येते. मग दुःख? नाही, दुःख एकट्याला होते. मग शेवटी म्हणाला, "अभिमान आपल्या माणसावरच होते. जो परका आहे त्याच्यावर कशाला करेल?" मी म्हटलं, मग रुसणं म्हण ना सरळ. तर म्हणे, रुसणं छोटं आहे, चॉकलेटने जाते. हे चॉकलेटने जात नाही. हे, तू येशील आणि समजशील म्हणून दार लावून बसतात.

म्हणजे ती जी खुर्ची करकरतेय ना आत, ती वाट बघतेय. माझ्यासारख्या मुलीची. आणि मी पोस्टर केलं.

काही उपाय केले नाहीत असं समजू नका. आधी वाटलं, दुसरी शिंक शोधू, जगात शिंकांचा काय तुटवडा आहे? एस्प्लनेडच्या फुटपाथवरून तपकिरीची डबी आणली. बाबा शिंकले, पण बाबा आधी रुमाल काढतात, उलगडतात, दोन्ही बाजूंना बघतात आणि मग एक कागद पुढे सरकवल्यासारखं काहीतरी करतात. त्यावर संगीत होत नाही, त्यावर फार तर सही होईल. अर्णव मांजराच्या पिल्लासारखा शिंकतो, त्याला आधीच सांगितलंय कुणाला सांगणार नाही. मी स्वतः शिंकले तर तपकीर लॅपटॉपमध्ये गेली, एक कळ अजून दबत नाही. आणि एवढं करून कुणाच्याही शिंकेनंतर कुणी "आस्ते" म्हटलं नाही. आई म्हणाली, "मेलं ते थोतांड बंद करा." ते वापरून बघितलं. नाही जमत.

माफी? मागितली की. तीनदा मागितली. पहिल्यांदा लिहिलं, की आमच्याकडे या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. दुसऱ्यांदा लिहिलं, की संस्कृतात बघितलं तर आमचाच अर्थ मूळचा आहे. तिसऱ्यांदा शब्दकोशाच्या पानाचा फोटो पाठवला, ओळीखाली रेघ मारून. — काका, तुम्ही कपाळाला हात लावलात. ठीक आहे. लावा.

आणि आज संध्याकाळी सगळं वाजायचं आहे. एक छोटा इंटरनेट रेडिओ आहे, दोन मुली चालवतात, त्या संबंध 'सर्दी' लावणार आहेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्या दातांच्या मुलीचे आईवडील ऐकायला बसणार आहेत, त्यांना अजून माहीतच नाही ती हे करते. अर्णवने दुकानात स्पीकर लावलाय. आणि ज्याची शिंक त्याची परवानगी नसेल तर मी ते वाजू देणार नाही. नाही म्हणजे नाही. मोठे लोक करतात तसं, गरिबाचा आवाज उचलायचा आणि आपलं नाव लावायचं, ते करायचं असतं तर हा खटाटोप कशाला? आता ते मुळात गरीब नाहीत, तीन मजली घर आहे, वरचा फ्लॅट तुम्हाला देतायत, पण तत्त्व तेच.

ऐकवू? ऐका ना, लॅपटॉप आणलाय. आवाज बारीक ठेवते — नाही, त्या फाइलचं नाव नका वाचू. बरं, वाचलंत. हो, 'सर्दी, शेवटची'. नाही, यात 'प्रारंभ' नाहीये. काढला मी. जागा नव्हती. — कॉम्प्युटरवर जागा असते हो, मला माहीत आहे जागा असते. पण परवा दोन्ही एकापाठोपाठ लावून ऐकलं, आधी माझं, मग त्यांचं, अख्खं, आणि माझं संपेपर्यंत मी मध्येच उठून पाणी प्यायला गेले होते. स्वतःच्या प्रस्तावनेत. मग काढलाच. त्यांचं पूर्ण लावलंय, पहिल्या नंबरवर. नाही, त्यांना नाही सांगितलं. सांगितलं तर वाटेल लाच देतेय. आणि सारखं मीच का वाकायचं? मलाही काही अभिमान आहे की नाही? आपला, मराठी अर्थाचा. — काय म्हणालात? एक दाराच्या आत आणि एक दाराच्या बाहेर? हे तुम्ही म्हणालात हं, मी नाही. बँकेतली माणसं अशी बोलतात हे माहीत नव्हतं.

थांबा. ऐका.

…हे पहिलं "आस्ते". हे लांबचं. आता बघा, हे भांडं पडलं तिथे दुसरं. ते मागे गुणगुणतंय ना, ती टेबलफॅनची जाळी, मी काढून टाकली होती ती. मूर्ख. तुम्ही हसताय. हसा, इथे हसायचंच असतं. ते पडद्याशी कोण — जेठिमा आहेत. बघू नका तिकडे. त्यांनी नव्हतं ऐकलं वाटतं आजवर. पदराला हात पुसतायत, पुसतच उभ्या आहेत… आता श्वास. जिना… थांबला…

ऐकलंत? ही. हीच ती, हळू.

खुर्ची करकरायची थांबली.

जेठू? जेठू, आमि चोइत्राली. मी — हे पूर्ण लावलंय, जेठू. पूरा. माझं काढलं. चूक माझी. शब्दाची नाही. आमार. मला — काका, 'न ऐकता कापलं' याला बंगालीत काय म्हणतात? तुम्हाला कसं माहीत असणार. जेठू, मी शेवट ऐकला नव्हता. आता ऐकला.

…

नाही. काही नाही. बघा ना, साधं खाकरलेसुद्धा नाहीत.

हा फोन त्या रेडिओवाल्यांचाच असणार, घेत नाही. काय सांगू? शिंक रुसली म्हणून? जाऊ द्या. मी लिहिते त्यांना, की नाही वाजणार. दातांच्या मुलीला काय सांगायचं ते रस्त्यात ठरवते. तुम्ही बसा काका, तुमच्यासाठी उघडतील, तुमच्याशी त्यांचं काही नातं नाही ना, तुमच्यावर कशाला करतील अभिमान? फ्लॅट घ्या, चांगला आहे, हवा येते, फक्त सकाळी दचकून जागे व्हाल. आणि हे सगळं कुणाला सांगू नका. मी तुम्हाला इतकं का सांगितलं मला कळत नाही, तुम्ही मध्ये थांबवायला हवं होतं. चला. येते. ही एक चप्पल, दुसरी कुठे सरकवलीत तुम्ही —

काका. तुम्ही शिंकलात?

नाही ना.

ग्रिलवरून कावळा उडाला. पडद्याशी उभ्या असलेल्या जेठिमांनी मागे वळूनही न बघता बंद दाराला "आस्ते" म्हटलं, आणि मग पाय पुढे सरकवून चैत्रालीची दुसरी चप्पल बाकाखाली ढकलत त्या म्हणाल्या, "हाँची पोड़ेछे, मा. एखोन बेरोते नेई. बोशो."